खिसा रिकामा, रविवार मोकळा: दोन लहान पोरांच्या एका घराचं वर्षभराचं प्रकरण

मी बालवर्गात शिकवते, आणि सुट्टी जवळ आली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पैसे न घालवता पोरांना घेऊन काय करता येईल?" याच्या याद्या तर ढीगभर मिळतात, उन्हाळ्यातल्या पन्नास अॅक्टिव्हिटीज, पावसाळ्यातल्या तीस, पण यादी घेऊन गेलेलं घर दोन आठवड्यांत परत मोबाईलवर आलेलं असतं, कारण यादीत घर नसतं. कोणाची झोप कधीची, कोण किती चालू शकतं, आईची शिफ्ट कधी संपते, हे यादीला कुठं माहिती असणार? म्हणून यादी न देता एकाच घराचं वर्ष सविस्तर लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, नावं गाळलीत.

घर कसं होतं

आई, बाबा, बाबांची आई म्हणजे पोरांची आजी, सव्वाचार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. आईची नोकरी शिफ्टमधली, बाबांना आठवड्यातनं एकच सुट्टी. आजींचे गुडघे दुखतात, एकदा खाली उतरल्या की लगेच वर चढायचं त्यांना नको वाटतं, त्यामुळे त्या सहसा उतरायच्याच नाहीत.

आधी सुट्टीच्या दिवशी हे लोक तिकीट काढून प्ले झोनमध्ये जायचे. मग बाबांचं काम कमी झालं, पगार घटला आणि तो खर्च एकदम बंद करावा लागला. मुलगी रोज विचारायची की आपण उड्या मारायला कधी जायचं, आणि आईला ते फार लागायचं. मला म्हणाली, "ताई, पोरांना काही देताच येत नाहीये असं वाटतं हो." घरात मग मुलगी मोबाईलवर, धाकटा तिच्या खांद्यावरनं त्याच मोबाईलवर, आणि संध्याकाळी मोबाईल काढून घेतला की दोघांचा भोंगा.

मी काही सुचवायच्या आधी त्यांना मागचा रविवार सकाळपासून तासातासाचा सांगायला लावला, आणि सगळं प्रकरण त्यातच उलगडलं. ते एका मोठ्या बागेत गेले होते, फुकटातली, छान झाडांची, पण दोन बस बदलून. पोचेपर्यंत धाकट्याची झोपेची वेळ झाली. बागेच्या गेटजवळच मुलीला मुंग्यांची रांग दिसली आणि ती उकिडवी बसली ती उठेचना, बाबा म्हणत होते, "अगं चल ना, बाग आत आहे!" शेवटी त्यांनी तिला उचलून आत नेलं, ती रडली, ते बघून धाकटा रडला, घसरगुंडीला रांग होती, परत येताना कोणीच कोणाशी बोललं नाही.

आता बघा, फुकटची अॅक्टिव्हिटी तर गेटवरच सुरू झाली होती. पोरगी रमली होती, गुंतली होती, काहीही लागत नव्हतं तिला. मोठ्यांच्या डोक्यात मात्र "बाग" नावाचा प्लॅन होता आणि त्या प्लॅनपायी ती वेळ मोडली गेली. हे मी खूप घरांत बघते. आपण फुकट म्हणून जे शोधतो ते पण एखाद्या तिकिटाच्या जागेसारखंच शोधतो, लांबचं, मोठं, एका दिवसात सगळं उरकायचं.

एकच जागा धरायची

त्यांच्या बिल्डिंगच्या मागं एक मोकळी पट्टी आहे. तिथं एक मोठं पानगळीचं झाड, एक बुटकी भिंत, थोडा सिमेंटचा कोबा, आणि मातीत एक खळगा जिथं पाणी साठतं. एवढंच. बाबा म्हणाले, "तिथं काय आहे?" मी म्हटलं, वर्षभर फक्त तिथंच जायचं, बाकी कुठं नेता आलं तर बोनस समजा.

माझं यावर ठाम मत आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला नवीन जागा म्हणजे आधी नवीन आवाज, नवीन माणसं, नवीन भीती, आणि त्यात स्थिरावण्यातच त्याचा तास जातो. ओळखीच्या जागेत मात्र काल काय होतं हे त्याला माहिती असतं, म्हणून आज काय बदललं ते त्याला दिसतं. नवीन काहीतरी आणण्याचं काम ऋतू करतो, आणि ते फुकट करतो. जागा बदलत राहिली तर ऋतू दिसतच नाही, नुसत्या जागा दिसतात.

दुसरं म्हणजे जवळची जागा असली की वीस मिनिटांचा वेळ पण वेळ धरता येतो. झोप आली, शू आली, भूक लागली, की वर. आणि आजी भिंतीवर बसू शकत होत्या, हे सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, त्यावर पुढे येतेच.

बाकी सांगण्यासारखं फार नव्हतं. खाली कधी जायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, पण तिथं काय करायचं ते पोरांनी. मोठ्यांचा मोबाईल खिशात. आणि शिकवायचं नाही, पोरगं जे दाखवेल त्याला फक्त उत्तर द्यायचं. पोरानं बोट दाखवलं की आपण तिकडं बघायचं, काहीतरी बोलायचं, थांबायचं, मग ते परत काहीतरी करतं. हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्रात याला सर्व्ह अँड रिटर्न म्हणतात, आणि लहान वयात मेंदूतली जोडणी पक्की व्हायला ही देवाणघेवाण फार लागते असं त्यांचं सांगणं आहे. याला ना खेळणी लागतात ना तिकीट.

आईला अजून एक टेन्शन होतं, की रोज एवढा वेळ कुठनं आणायचा. तिला मी जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे मार्गदर्शन दिलंय ते सांगितलं. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी असं त्यात आहे, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली 60 मिनिटं तरी दमवणारी असावीत. ऐकायला 180 खूप वाटतं, पण ते दिवसभरात विभागलेलं चालतं, जिना चढणं, बादलीतलं पाणी इकडचं तिकडं करणं, सगळं त्यात धरतात. स्क्रीनबद्दल त्यात एक वर्षाच्या मुलासाठी नकोच असं आहे आणि दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. आई म्हणाली, "म्हणजे धाकट्याला बहिणीचा मोबाईल दिसतो तोही नकोच की." मी म्हटलं हो, पण काढून घेऊन हातात काहीच दिलं नाही तर जमणार नाही, आधी खाली उतरायला लागा.

ऊन होतं तेव्हा

सुरुवात उन्हाळ्यात झाली, म्हणजे तशी अवघड वेळ. उन्हाची वेळ ठरवायला मी त्यांना एक सोपी खूण दिली: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, सावलीत किंवा घरात थांबायचं, सावली आपल्यापेक्षा लांब झाली की उतरायचं. मुलीला हे इतकं आवडलं की ती स्वतःच गॅलरीत उभी राहून सांगायला लागली की अजून नाही, माझी सावली बुटकी आहे. आता सावलीच सांगत असल्यानं रोजचा "आत्ता जाऊया" वाला हट्ट बराच कमी झाला.

संध्याकाळी एक जुना रंगाचा ब्रश, एक डबाभर पाणी आणि ती बुटकी भिंत. पाण्यानं रंगवायचं, बस. इथला एक प्रसंग मी स्वतः पाहिला, त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. मुलीनं भिंतीवर हातभर मोठा गोल काढायला घेतला, अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून, आणि गोल पूर्ण करून सुरुवातीच्या जागी आली तर सुरुवात गायब! तिनं ब्रश खाली ठेवला आणि रागानं विचारलं, "माझं कोण पुसतंय?" आजी म्हणाल्या, "ऊन पुसतंय गं." तिला काही ते पटलं नाही. मग तिनं स्वतःच एक गोल उन्हातल्या भिंतीवर काढला आणि एक झाडाच्या सावलीतल्या भिंतीवर, आणि दोन्हीकडं पळत पळत बघत राहिली. उन्हातला आधी गेला. ती आजीजवळ येऊन म्हणाली, "खरंच ऊनच आहे." कोणी तिला प्रयोग करायला सांगितलं नव्हतं, बाष्पीभवन हा शब्द कोणी काढला नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच ते इतकं सुंदर झालं.

धाकट्याला चित्रात रस नव्हता, त्याला एका मगातनं दुसऱ्या मगात पाणी ओतायचं होतं आणि तो ते न थकता करायचा. इथं एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगते. एवढं लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यात सुद्धा बुडू शकतं आणि आवाजही होत नाही, म्हणून पाण्याचा खेळ चालू असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि खेळ संपला की बादली तिथल्या तिथं रिकामी करून पालथी घालायची. या घरात ते काम बाबांचं ठरलं.

आणि मुंग्या! गेटवरच्या त्या मुंग्यांचं राहून गेलेलं होतं, ते इथं भागलं. साखरेचे चार दाणे रांगेपासून जरा लांब ठेवायचे आणि बसायचं. आधी एक मुंगी येते, चाचपडते, जाते, मग थोड्या वेळानं एकदम गर्दी. पहिली मुंगी परत जाताना वाटेवर वास सोडत जाते आणि बाकीच्या त्या वासानं येतात. बाबांनी रांगेच्या मधोमध जमिनीवर बोट घासून दाखवलं, तर त्या जागी पोचलेल्या मुंग्या गोंधळून गोल फिरायला लागल्या आणि थोड्या वेळानं परत वाट लागली. ज्या बाबांनी तिला गेटवरनं उचललं होतं तेच आता तिच्याशेजारी उकिडवे बसले होते. फक्त चावणाऱ्या लाल मुंग्यांपासून लांब, आणि धाकट्याचा हात धरून.

पाऊस, ज्यात सगळ्यात जास्त मजा आली

पावसाळ्याला बहुतेक घरं घाबरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण लहान मुलांना एवढं देणारा दुसरा ऋतू नाही. पाऊस थांबला की मातीतल्या त्या खळग्यात आणि कोब्यावर डबकी साठायची. कोब्यावरच्या डबक्याच्या कडेनं खडूनं रेघ मारायची, एवढंच सांगितलं होतं. मुलीनं रेघ मारली आणि वर गेली. दुपारी येऊन बघते तर पाणी रेघेच्या बरंच आत सरकलेलं, आणि रेघ कोरड्यावर एकटीच. तिनं नव्या कडेनं दुसरी रेघ मारली. संध्याकाळी तिसरी. एकात एक अशा रेघा झाल्या आणि मधे हातभर पाणी उरलं. भिंतीवरचा गोल तिच्या लक्षात होताच, ती म्हणाली, "आज ऊन नाही, तरी पुसतंय." या वाक्यावर मी नंतर कितीतरी वेळ विचार करत होते. सव्वाचार वर्षांच्या मुलीनं उन्हाळ्यातलं निरीक्षण पावसाळ्यात आणून तपासलं होतं, आणि हे जागा तीच असल्यामुळे झालं.

मग पाऊस मोजायचा नाद लागला. उभ्या सरळ कडांचा एक रिकामा डबा, उघड्यावर ठेवायचा, झाडाखाली नाही, आणि सकाळी पट्टीनं पाणी मोजायचं. डबा वर-खाली सारख्याच रुंदीचा हवा, मग आतलं पाणी जेवढं उंच तेवढाच पाऊस. बाबांना यात वेगळाच रस आला, कारण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी हा हिशोब त्यांना कळला आणि ते रोज अख्ख्या गच्चीवर किती पाणी पडलं ते सांगायला लागले. मुलीला मिलिमीटर कळत नव्हतं, तिनं पट्टीएवढ्या कागदाच्या पट्ट्या कापून पाण्याच्या उंचीएवढ्या रंगवल्या आणि दाराला ओळीनं चिकटवल्या. पाऊस नसलेल्या दिवशीची कोरी पट्टी पण तिनं चिकटवली. पुस्तकात आलेख काढायला शिकवतात तो हाच, पण घरातल्या कोणी तिला तसं सांगितलं नाही हे बरं केलं.

पहिल्या पावसाचा वास कुठनं येतो हे तिनं आजीला विचारलं, आजींनी मला विचारलं. मातीत काही सूक्ष्म जिवाणू असतात, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आपलं नाक त्याला फार तीव्रतेनं ओळखतं. थेंब सच्छिद्र जमिनीवर पडतो तेव्हा खाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास घेऊन हवेत उडतात, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये हायस्पीड कॅमेऱ्यानं हे टिपलंय. आजींनी पोरीला सांगताना एवढंच सांगितलं की थेंब मातीला उडवतो आणि माती वास सोडते. पुरेसं आहे.

धाकट्याचं म्हणाल तर तो डबक्यात खडे टाकायचा. टप. मग बघायचा. मग आईकडं बघायचा. मग परत टप. आईला आधी वाटायचं की यात काय चाललंय, पण तिनं प्रत्येक वेळी "टप!" म्हणायला सुरुवात केली आणि काही दिवसांत खडा सोडायच्या आधीच तो थांबून तिच्या तोंडाकडं बघायला लागला, की आता म्हण. हेच ते सर्व्ह अँड रिटर्न, अगदी डोळ्यासमोर.

काळजी मात्र पावसात दुप्पट. गटाराजवळचं किंवा रस्त्यावरनं वाहून आलेलं पाणी अजिबात नाही, पायाला जखम असेल तर डबकं बंद, वर आल्यावर साबणानं हातपाय. विजांचं तर आईनं एकदम पक्कं केलं: ढगांचा गडगडाट ऐकू आला की आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर नाही. झाडाखाली तर मुळीच नाही. आत बसून मग खिडकीतनं वीज दिसली की सगळे मिळून आकडे म्हणायचे आणि गडगडाट झाला की थांबायचं, साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर लांब. मुलगी विजेला घाबरायची, ती मोजायला लागल्यावर भीती बरीच उतरली, कारण आता वीज लांब आहे का जवळ ते तिला माहिती असायचं. शिवाय ओलं झालेलं लहान मूल मोठ्यांपेक्षा लवकर गारठतं, वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त असते ना, म्हणून कोरडे कपडे खालीच पिशवीत.

पानगळ आणि थंडी

हवा कोरडी झाली, झाडानं पानं टाकायला घेतली. इथं मी भराभर सांगते कारण या गोष्टी बऱ्याच जणांना माहिती असतात. पानांचे ढीग करून उड्या (आधी काठीनं ढवळून, आत काय आहे बघून), लहान-मोठी लावणं, रंगानं वेगळी करणं, पान पालथं ठेवून वर कागद आणि खडूची आडवी बाजू घासून शिरांचं चित्र उमटवणं. मुलीनं विचारलं की हिरवा रंग कुठं गेला. पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि खाली लपलेला पिवळा दिसायला लागतो, तो आधीपासून तिथंच असतो. लाल रंगाचं वेगळं आहे, तो बऱ्याच झाडांत पानगळीच्या वेळीच नव्यानं तयार होतो. पिवळा लपून बसला होता हे ऐकून ती हिरवी पानं नखानं खरवडून आत पिवळं शोधत होती.

गोळा केलेल्या वस्तूंसाठी एक डबा ठरला, बिया, काटक्या, पिसं, खडे. या सुट्या वस्तूंचं काहीही होतं, आज घर, उद्या दुकान, आणि तयार खेळण्यांपेक्षा पोरं यात जास्त वेळ रमतात हे मी वर्गातही रोज बघते. पण धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत बारीक बिया आणि खडे त्याच्या हातापासून लांब, त्याच्यासाठी मुठीत न मावणारेच तुकडे. कुत्र्याच्या छत्र्या दोघांनाही हात लावायच्या नाहीत.

थंडीत सावलीचा खेळ परत आला आणि मला त्याचा फार आनंद झाला. उन्हाळ्यात बाबांनी दुपारी एकदा गॅलरीत मुलीच्या सावलीच्या टोकाला खूण करून ठेवली होती, तीही मी सांगितलं म्हणून. डिसेंबरमध्ये दुपारच्या त्याच वेळी, त्याच फरशीवर उभं केलं, तर सावली खुणेच्या कितीतरी पुढे! मुलगी म्हणाली, "मी मोठी झाले म्हणून." ती मोठी झाली होती हेही खरंच, म्हणून मग आजींनी एक काठी आणली, जी वाढत नाही, आणि आता दर महिन्याला काठीची सावली आखायची असं ठरलं. उत्तर गोलार्धात 21-22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब असते, दक्षिण गोलार्धात हेच जूनमध्ये, तेव्हा तुम्ही कुठंही असलात तरी ही काठी चालते.

थंडीतला दुसरा मोठा फायदा म्हणजे लवकर होणारा अंधार. लहान मुलं आठला झोपतात, उन्हाळ्यात त्यांना चंद्र दाखवायचा म्हणजे झोप मोडायची, थंडीत तो जेवणाआधीच दिसतो. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसते, तिथनं सुरुवात करायची, रोज त्याच वेळी बघायचं, चंद्र रोज जाडही होतो आणि जरा पूर्वेकडं सरकलेला असतो. साधारण आठवड्यानं अर्धा होतो तेव्हा तो दुपारीही आकाशात असतो, पोरांना दिवसा चंद्र दिसला की जाम गंमत वाटते. चंद्र रोजच सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेनंतर तो अंधार पडल्यावर उगवायला लागतो, मग पोरांसाठी सुट्टी. पूर्ण फेरा साडेएकोणतीस दिवसांचा. चंद्राचं सगळं आजींनी चालवलं, त्यांना तिथी पाठ, त्या गॅलरीतनं आधीच सांगायच्या आज कुठं दिसेल ते.

पक्ष्यांचंही आजींमुळेच झालं, भिंतीवर बसल्या बसल्या त्या आवाज ओळखायच्या. बाबांनी फोनमध्ये मर्लिन नावाचं अॅप घेतलं, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, फुकट आहे, आवाज ऐकून पक्षी सांगतं. आजींचं उत्तर आधी, अॅपचं नंतर, असा नियम मुलीनंच केला. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, 1998 मध्ये सुरू झाला आणि 2013 पासून जगभर चालतो, त्यात किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजून कळवायचे, कोणीही भाग घेऊ शकतं. पंधरा मिनिटं म्हणजे पाच वर्षांच्या मुलीला झेपेल असं, आणि तिचे आकडे खऱ्या शास्त्रज्ञांकडं जाणार म्हटल्यावर तिनं धाकट्याला पूर्ण वेळ गप्प बसवलं.

या घराकडं बर्फ पडत नाही. तुमच्याकडं पडत असेल तर काळं लोकरी कापड आधी बाहेर ठेवून गार करा आणि त्यावर पडणारे कण भिंगातनं दाखवा, सहा बाजू नीट दिसतात.

जे चाललं नाही

आईनं मधे एक नेचर डायरी आणली, रोज चित्र काढायचं आणि तारीख घालायची. मुलगी दोन-चार दिवस काढत होती, मग खाली जायलाच नको म्हणायला लागली, कारण खाली गेलं की वर येऊन डायरी. डायरी बंद केली, ती परत उतरायला लागली. शोधायच्या वस्तूंची छापील यादी पण अशीच, तिच्या हातात यादी असली की ती यादीतलंच शोधायची आणि समोरचा कोळी दिसायचा नाही. बिल्डिंगमधली सगळी पोरं एकत्र आणायचा प्रयत्न झाला, त्यात धाकटा धक्के खाऊन रडला आणि पाण्याच्या डब्यावरनं भांडणं, नंतर एकच शेजारचं पोरगं येत राहिलं आणि ते बरं चाललं.

बाबांना फोटो काढायची फार सवय. पोरगी काहीतरी बघत असताना ते "इकडं बघ" म्हणायचे आणि तिचं बघणं तुटायचं. त्यांना हे आजींनी सांगितलं, मी नाही, आणि स्वतःच्या आईनं सांगितलेलं बाबा ऐकतात.

आणि काही आठवडे काहीच झालं नाही. कडक उन्हाचे, दोघं आजारी पडले तेव्हाचे, आईची सलग नाईट लागली तेव्हाचे. तेव्हा मोबाईल परत आला. मला यात काही बिघडलं असं वाटत नाही, जागा तिथंच होती, परत उतरले.

वर्षाअखेर काय दिसलं

मोबाईल गेलेला नाही, कमी झालाय, आणि काढून घेतल्यावरचा भोंगा जवळपास थांबलाय. आई म्हणते की संध्याकाळी काय करायचं हे आता मुलगी सांगते, तिला डोकं लावावं लागत नाही, आणि ते अपराधी वाटणं गेलंय. धाकटा आता अडीच वर्षांचा होतोय, भरपूर बोलतो, त्यात टप, मुंगी आणि चांदोबा हे शब्द तर दिवसभर चालू. हे सगळं खाली उतरल्यामुळेच झालं असा दावा मी करणार नाही, या वयात मुलं अशीही वाढतात. पण घराबाहेरच्या उजेडातल्या वेळेचा एक फायदा अभ्यासातनं नीट दिसलाय, अशा मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा, म्हणजे मायनसचा, नंबर लागण्याची शक्यता कमी होते, तैवाननं तर 2010 पासून शाळांमधून रोज 120 मिनिटं मुलांना बाहेर काढायचा कार्यक्रमच घेतला. हे ऐकून बाबांना बरं वाटलं, त्यांच्याकडं सगळ्यांना चष्मा आहे.

मला स्वतःला सगळ्यात मोठा बदल आजींचा वाटतो. वर्षापूर्वी त्या पोरांना सांभाळायच्या म्हणजे टीव्हीसमोर बसवायच्या, कारण पळायची ताकद नव्हती. त्या पट्टीवर पळायचं कामच नव्हतं, बसायचं आणि उत्तर द्यायचं काम होतं, आणि ते त्यांच्याइतकं घरात कोणालाच येत नव्हतं. आता दिवसातनं एकदा त्या उतरतातच, मुलगी त्यांची उशी घेऊन पुढे.

पुढच्या वर्षी मुलीची शाळा सकाळची होणार, त्यामुळे पाऊस मोजायची वेळ बदलावी लागेल, डबा सकाळी सात वाजताच बघायचा असं बाबांशी ठरलंय. धाकटा आता डबक्यात नुसते खडे टाकून थांबणार नाही, तो आत उतरणार, तेव्हा त्याच्यासाठी खळगा आणि मुलीसाठी कोब्यावरचं डबकं अशी वाटणी आत्ताच करून ठेवा असं मी आईला सांगितलंय, आणि खडू दोन घ्या, एकावरनं भांडणं होतील.